मी माग साफ केला

संग्रहालयातल्या जुन्या खड्डामागावर राहिलेले सगळे धागे मी कात्रीने कापले, उपसून टाकले आणि त्याची धागे ओवायची फणी शांपूने धुऊन खिडकीत वाळत घातली. मला कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारची दुपार होती, हात रिकामे होते, आणि माझे हात रिकामे असले की कुणाचं तरी नुकसान होतं हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

सोलापूरच्या भवानी पेठेतलं हे संग्रहालय म्हणजे एका बंद कारखान्याच्या दोन खोल्या. लोकांनी आणून दिलेले चरखे, आडवा धागा नेणारे धोटे, चादरींचे नमुने, आणि मधोमध, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा तो माग. महिन्यातल्या एका रविवारी तिथं मुलांसाठी कार्यक्रम असतो, अर्धा विज्ञानाचा, अर्धा कलेचा. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, म्हणून पहिला अर्धा माझ्याकडे. मागे एकदा लोहचुंबक दाखवताना मी एका आईचं घड्याळ बंद पाडलं, तेव्हापासून मला नुसतं बोलू देतात.

फणी वाळत होती तेवढ्यात संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला.

"सर, रविवारी विणकर आजोबा यायला तयार झालेत. एकदाच येतो म्हणाले. नात पुण्याहून आलीय त्यांची. तिनं त्यांना मागावर कधी बघितलंच नाही, घरचा माग तिच्या जन्माआधी विकला ना."

"वा," मी म्हणालो.

"डोळे अधू झालेत त्यांचे. पण मागावर जुन्या धाग्यांचे शेंडे आहेत म्हणून जमतंय. त्यांनाच नवा ताणा, म्हणजे नवे उभे धागे, बांधायचा, धाग्याला धागा. गाठी ते डोळे मिटूनही मारतात. शेंडे नसते तर फणीच्या एकेका फटीतून नव्यानं ओवावं लागलं असतं, ते आता त्यांच्यानं होणार नाही. म्हणून तर विणकर शेवटचे धागे कधी काढत नाहीत."

"हो का," मी म्हणालो. जन्म सोलापुरात गेला, मागाच्या खडखडाटात झोपलो आणि उठलो, आणि ही गोष्ट मला त्या क्षणी कळली. खिडकीतून शांपूचा वास येत होता.

सांगायला हवं होतं. फोन हातातच होता. पण मी विचारलं काय, तर मुलांना खाऊ काय ठेवायचा.

फणी मागावर परत बसवली, आणि शनिवारचा दिवस मी भीतीत काढला. म्हातारा माणूस, एकदाच येणार, नात समोर उभी, आणि माग बोडका. या चित्रापुढे मन जाईचना. रस्त्यावर रिक्षा थांबली की वाटे, आजोबा आले. उंदरांनी कुरतडलं म्हणून सांगावं, असंही ठरवलं. पण उंदीर फणी धुऊन ठेवत नाहीत. बायकोनं विचारलं, "काय मोडलंत?" मी काही नाही म्हणालो. तिनं घरातल्या वस्तू मोजल्या.

रविवारी आजोबा ठरल्याआधीच आले. पांढरं धोतर, टोपी, काखेत नव्या ताण्याची गुंडाळी. नातीनं त्यांना हात धरून खड्ड्यात उतरवलं. पाय मागाच्या खालच्या पट्ट्यांवर ठेवल्याबरोबर त्यांची पाठ सरळ झाली. मुलं चटईवर बसली होती. मी भिंतीला चिकटून उभा होतो.

आजोबांनी फणीवरून बोटं फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत. मग बोटं थांबली. चेहरा असा उतरला की मला खाली बघावं लागलं. नात वाकून घरच्या तेलुगूत काहीतरी विचारू लागली.

"कोन केलं हे?" शेवटी त्यांनी मराठीत विचारलं, हळू.

मी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. "मी. कात्रीनं. साफ करत होतो." बाईंनी डोळे मिटून घेतले.

आता ते उठून जातील, या भीतीनं मी दाराकडे बघत होतो. ते उठलेही. पण दाराकडे गेले नाहीत, मागाच्या मागे जाऊन बसले आणि नातीला आपल्या जागी बसवलं. बोटांनी चाचपून ते ताण्यातला एकेक धागा पुढे करायचे, ती तारेच्या आकड्यानं फटीतून ओढून घ्यायची. मला मोबाइलचा उजेड धरायला लावलं. माझा हात हलला की नात म्हणायची, "काका, स्थिर." मुलं धागे मोजू लागली, मोजणी चुकली की भांडू लागली.

दुपारपर्यंत जेमतेम चार बोटं रुंदी भरली. माझं भाषण राहूनच गेलं, कुणी विचारलंही नाही. आजोबा पुन्हा खड्ड्यात उतरले, धोटा फेकला, आणि चार बोटांची पट्टी विणू लागले. नात फोटो काढायचं विसरली. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

निघताना बाईंनी भीत भीत विचारलं, "आजोबा, पुढच्या महिन्यात याल का? रुंदी पुरी करायला?"

"येतो की." त्यांनी चपला शोधत माझ्या दिशेनं मान वळवली. "पन ह्या सरांना आत घेऊ नका. हितं दारात चपला राखायला बसवा. कात्री काढून घेऊन."