लसूण तळपायातून

शिवाजीनगरात आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. नव्वदच्या दशकात मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे घरातल्या सगळ्यांना शहाणपण शिकवायच्या वयात. माझा पहिला बळी आत्या, अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे गुडघे दुखायचे. मी आणलेलं मलम ती लावायची आणि दोन मिनिटांत पुसून टाकायची.

"आत काही जात नाही गं. कातडी म्हणजे काय चाळण आहे? तसं असतं तर रोज अंघोळीच्या पाण्याने मी फुगले नसते?"

मी सांगितलं, कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, मधे चरबीचं लिंपण. ते पाणी अडवतं, पण तेलात विरघळणारे बारीक कण त्यातूनच थोडे थोडे आत शिरतात आणि रक्तात पोचतात.

"अगं सरी," आत्या मला म्हणाली. "दाखव."

सरांनी वर्गात सांगितलं होतं, ठेचलेली लसूण तळपायाला बांधली की तासाभरात तोंडाला चव येते. पंचाईत अशी, की चातुर्मास चालू होता आणि आत्यामुळे घरात कांदा-लसूण बंद.

"खायची कुठे आहे? बांधायचीच तर आहे," अण्णा घाईघाईने म्हणाले आणि स्वतः जाऊन पिशवीभर लसूण घेऊन आले.

पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ते गॅलरीत बसले. त्यांनी तोंडात काही टाकू नये म्हणून आत्या समोर पहाऱ्याला. पाऊण तासाने अण्णांचा चेहरा उजळला.

"आली! थेट चटणीची चव!"

"आ कर," आत्या म्हणाली. वास घेऊन दोन पावलं मागे सरली. मग बराच वेळ विचार करून तिने निकाल दिला, "घशाखालून गेली नाही. नेम मोडला नाही." त्या दिवसापासून तिने मलम पुसणं सोडलं.

त्या निकालाने अण्णांना मोकळं रान मिळालं. दोन दिवसांनी ते मोज्यांत लसूण भरून दुपारभर गल्ल्यावर बसले, मधूनमधून जीभ ओठांवरून फिरवत. संध्याकाळी मोजे काढले तर तळपायांवर बोराएवढे फोड! लसूण कातडी भाजते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी रडायलाच लागले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "अण्णा, देवाने तोंड दिलंय ना?"

आठवडाभर अण्णा स्टुलावर पाय ठेवून धंदा करत होते. गिऱ्हाइकांनी विचारलं की म्हणायचे, "नवीन चपला चावल्या." आणि जिन्यात उभी राहून ऐकणाऱ्या माझ्याकडे बघून डोळा मारायचे.