आधी होडी उलटवायची

उतई गावाकडच्या तलावावर तो दर रविवारी लोकांना शिडाची होडी फुकट शिकवतो. स्टील प्लांटातून रिटायर झालेल्या चौघांनी त्यासाठी संस्था काढली होती. दोघं पोरांकडे राहायला गेले, एक वारला. हा उरला. बोलायच्या आधी घसा खाकरतो आणि मग दोनच शब्द बोलतो. मला तो फारसा आवडत नाही.

त्याचा नियम असा, की काठाजवळ होडी आपणच उलटवायची आणि आपणच सरळ करायची. त्याशिवाय तो कोणाच्या हाती शीड देत नाही. माझी नात पाण्याला भिते. कितीतरी रविवार ती लाइफ जॅकेट घालून कोरडीच परत आली.

"एक डाव सोडून दे न पोरीले," मी म्हटलं.

"नाही, बाई. तलावाच्या मधात उलटली तर कोण सोडन तिले?"

त्या दिवशी गार वारा होता. त्यानं चष्मा माझ्याकडे दिला, होडीत बसला आणि मुद्दाम होडीसकट उलटला. होडी सरळ केली, नातीकडे पाहिलं. ती हलली नाही. तो पुन्हा उलटला. ओठ निळे पडले, खोकला थांबेना, तरी पुन्हा चढला.

"आजी, अंकल बीमार पड जाएंगे," नात चिडून म्हणाली आणि पाण्यात उतरली.

तिनं होडी उलटवली. नाकातोंडात पाणी गेलं, रडायला लागली. तो बाजूला पाण्यात हात मागे बांधून उभा.

"धर न तिले," मी ओरडले.

त्यानं धरलं नाही. तिनंच होडी सरळ केली आणि रडतच आत चढली.

"हं," तो म्हणाला, "आता शीड धर."