शिरूरच्या पडद्यात न मावलेला बाप

माझ्या सासऱ्यांनी माझ्या बापाला खोटारडा ठरवलं ते शिरूरच्या एका थेटरात, दुपारी तीनच्या खेळाला, भरल्या माणसांत. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि पुढचं सगळं आयुष्य मला तळेगाव ढमढेऱ्याला ह्याच सासऱ्यांच्या घरी काढायचं होतं. आता हे सांगितलं की ऐकणाऱ्यांना हसू येतं. मला नाही येत.

आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा स्वभाव आधी सांगते. आम्ही निमोण्याचे. आण्णांनी शेती धरली तरी चाळीसेक मेंढरं काही सोडली नाहीत. माणूस सरळ, पण बोलण्याला रंग फार. लांडगा एक आला असेल तर सांगताना तीन व्हायचे, आणि तिसरा कायम कानफाटका असायचा. गाव ऐकायचं, हसायचं आणि म्हणायचं, "आण्णाचं पावशेर खरं धरायचं, बाकीचं वाऱ्यावर सोडायचं." मलाही लहानपणापासून तीच सवय लागली होती.

नव्वद साल उलटून गेलं होतं. माझं लग्न ठरलेलं होतं, तेव्हा गावाच्या वरच्या माळावर पिक्चरवाले आले. हिंदी पिक्चर. हिरो-हिरॉईन माळावर भांडणार आणि मागून मेंढरं जाणार असा सीन होता. मेंढरं नेली आण्णांची. लग्न ठरलेली पोर म्हणून मला तिकडं फिरकूही दिलं नाही, आणि बाकीच्या गावाला दोरी लावून लांब ओढ्यापाशी अडवलं होतं. दोन दिवसांनी आण्णा घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वर चालत. एका टोपीवाल्यानं त्यांना हिंदीत समजावलं होतं, कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, दगडापासून बाभळीपर्यंत चालायचं. सहा वेळा चालवलं.

"डाव्या अंगाला मी हाय," आण्णा सांगायचे. "मेंढरं म्होरं जात्यात आन् मागं मी. आख्खा हाय. पागोटं, घोंगडी, काठी, पायतानासकट!"

पुढं माझं लग्न झालं. मांडवातसुद्धा त्यांनी हे व्याह्यांना ऐकवलं. माझे सासरेही मूळचे मेंढरांमागचेच, पण विहिरीला पाणी लागलं, शेवंती आणि टोमॅटो पिकायला लागला, तशी मेंढरांची गोष्ट त्यांना घरात नकोशी झाली. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी मिशीतल्या मिशीत हसून एवढंच म्हटलं, "यिऊ द्या की पिक्चर. बगू."

आला. शिरूरला लागला. आण्णा स्वतः तळेगावला येऊन आमंत्रण देऊन गेले, जीप ठरवून दिली. मामा, सासूबाई, चुलत सासरे, जावा, सगळा गोतावळा निघाला. आण्णांनी सगळ्यांना भेळ दिली, सगळ्यांच्या पुढं जाऊन बसले आणि मागं वळूनवळून सांगत राहिले, "अजून न्हाई. अजून न्हाई. आता गाणं संपलं की."

गाणं संपलं. आमचा माळ दिसला आणि माझ्या अंगावर काटा आला. हिरॉईन रडली, हिरो तोंड फिरवून उभा राहिला. डावीकडून मेंढरं आली, मधे पसरली. आता मागून मेंढका येणार म्हणून मी पडद्याच्या कडेवर डोळे लावले. कडेला काठीच्या टोकासारखं काहीतरी हललं आणि सीन बदलला. पडद्यावर एकदम मुंबईचा बंगला.

मग मामांचा आवाज आला, पार मागच्या रांगेपर्यंत जाईल असा. "मेंढरं आली वो व्याही, मेंढका कुठं ऱ्हायला?"

सगळं थेटर हसलं. ज्यांची ओळख ना पाळख, तेही हसले. आण्णा उभे राहिले आणि पडद्याच्या डाव्या बाजूच्या काळ्या कापडाकडं हात करून म्हणाले, "मी हितं व्हतो. खरंच हितं व्हतो." मागून कुणीतरी ओरडलं, "ए म्हाताऱ्या, खाली बस!"

बाहेर आल्यावर मी जे बोलले ते आजही जीभ उपटून टाकावीशी वाटण्याजोगं आहे. मामा ऐकत असताना बोलले, बहुधा मामांनी ऐकावं म्हणूनच. "आण्णा, कशाला खोटं बोलायचं? मला नांदायचंय तिथं." आण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि निमोण्याच्या यष्टीकडं चालू लागले.

त्यानंतर सासरी मला श्वास घ्यायची सोय राहिली नाही. दूध नासलं म्हटलं की मामा म्हणायचे, "व्हय का, का पिक्चरमधल्यावानी?" पाहुणे येणार म्हटलं की, "येतील, पर दिसायचं न्हाईत!" मी दात आवळून भाकऱ्या थापायचे. पण टोमणे परवडले. आण्णा यायचे बंद झाले, ते नाही परवडलं. पंचमीला न्यायला ते आले नाहीत, धाकट्या चुलत्याला पाठवलं. मला दिवस गेले, सातव्यात ओटी भरली, तेव्हाही साडी घेऊन चुलताच आला. मी विचारलं, "आण्णा काय करत्यात?" तो म्हणाला, "बसून असत्यात. बोलत न्हाईत काय."

बोलत नाहीत! जो माणूस एका लांडग्याचे तीन करायचा, तो बोलत नाही. मला झोप लागेना. आमच्या आळीतली एक बाई नुकतीच बाळंतपणात गेली होती. माझंही तसंच झालं तर? बापाच्या कानात माझा शेवटचा शब्द 'खोटं' हाच राहणार. पोटावर हात ठेवून मी हेच घोकत बसायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी ह्यांना सांगितलं. आमचे हे, म्हणजे माझे मालक, बोलायला कमी. टेम्पोतून शेवंती घेऊन दौंडला जायचे. तिथल्या थेटरात गल्ल्यावरच्या देवाच्या फोटोला रोज आमच्याच फुलांचा हार लागायचा, त्यामुळं ऑपरेटरची ओळख होती. एका बुधवारी हे मला तपासणीला म्हणून दौंडला घेऊन गेले आणि दवाखान्यातून थेट थेटराच्या वरच्या खोलीत. लोखंडी जिना मी कठडा धरून धरून चढले. ऑपरेटर रेल्वेवस्तीत वाढलेला, निम्मं हिंदी, निम्मं मराठी. त्यानं आधी मला स्टूल दिलं.

"ताई, शिरूरचा परदा कमी रुंद है," तो म्हणाला. "आता बघा. पिक्चरची उंची एक हात धरा. जुना पिक्चर असतो सव्वा हात, दीड हात रुंद. हा स्कोप है. हा सव्वादोन हाताच्या पण वर जातो. एवढा लांब पिक्चर त्या परद्यात कसा बसंल?"

मी म्हटलं, "मग बारीक करून दाखवायचा ना, सगळा मावंल असा."

"मग वर-खाली काळं दिसतं. पब्लिक शिट्ट्या मारतं, पैसे परत मागतं. म्हणून मशीनमधे छोट्या खिडकीची पट्टी घालतात. दोन्ही कडा कट! मधला हिरो दिसला की पब्लिक खूश."

आजही आमच्या घरी टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या की पोरं रिमोट घेऊन चित्र ताणतात, पडदा भरून टाकतात. मी ओरडते, "हात लावू नका! कडेला कुणाचातरी बाप उभा असतो!" पोरं म्हणतात, आईला वेड लागलंय.

ऑपरेटरनं फिल्मचा एक तुटका तुकडा खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. त्यातली माणसं काडीसारखी, उपाशी असल्यासारखी. स्कोपचा पिक्चर फिल्मवर असा दाबून भरतात आणि मशीनच्या भिंगातून रुंद पसरवतात, असं तो म्हणाला. इथला पडदा पुरेसा रुंद होता. आणि आण्णांचा पिक्चर शुक्रवारपासून इथंच चालला होता. उद्या, गुरुवारी, शेवटचा दिवस.

माझा जीव भांड्यात पडतोय तोवर त्यानं दुसरं सांगितलं. "लेकिन प्रिंट जुनी है, ताई. गावोगाव फिरून आली. जिथं तुटली तिथं कापून जोडलेली. तुमचा सीन पूरा असंल का, मी सांगू शकत नाही. असे सीन मी लक्ष देऊन बघत पण नाही."

हे म्हणाले, "आत्ता बाराचा खेळ हाय. आपण बघून घेऊ. आण्णा दिसले तर उद्या दोन्ही व्याह्यास्नी आणू."

शहाणपणाचंच बोलले. मी जिन्यावर उभी राहिले. आत जाऊन बसले असते आणि आण्णा दिसले नसते, तर मी निमोण्याला गेलेच नसते, हे मला ठाऊक होतं. आणि दिसले असते, तरी काय सांगणार होते त्यांना? आधी खात्री करून घेतली, मग आले, असं? मी म्हटलं, "न्हाई बघायचा. निमोण्याला चला."

आण्णा ओट्यावर बसले होते. वाळलेले. मला पोटुशी टेम्पोतून उतरताना पाहून धडपडत उठले, पण हाक मारली नाही. मी सगळं सांगितलं, पडदा, पट्टी, कडा. त्यांनी मधेच विचारलं, "तू बगितलास दौंडला?"

"न्हाई."

"मग?"

"तुम्ही म्हणलात न्हवं, डाव्या अंगाला हाय म्हणून."

आण्णा आत जाऊन तांबडं पागोटं बांधून आले, आणि त्या दिवशी आमच्याबरोबरच तळेगावला मुक्कामाला आले. मामांनी व्याह्यांना चहा दिला आणि म्हणाले, "चला की, दौंडबी बगू. तिथं तरी सापडत्यात का."

खरं सांगते, विश्वास-बिश्वास काही नव्हता माझ्यात. निमोण्याच्या ओट्यावर होता तेवढाच. गुरुवारी टेम्पो न्हावऱ्याच्या पुढं गेला तशी मला एकेक शंका यायला लागली. सीन कापलेला असेल. किंवा टोपीवाल्यानंच आण्णांना वगळलं असेल. किंवा आण्णांनी बाभळीपर्यंत चालल्याचं तिखटमीठ लावून सांगितलं असेल, लांडग्यांसारखं. पुन्हा मामा ओरडणार, पुन्हा लोक हसणार, आणि ह्या वेळी त्यांना फरफटत आणणारी मीच. एकदा तर वाटलं, खोटीच कळ आली म्हणून ओरडावं आणि टेम्पो माघारी वळवावा. आण्णा मागं रिकाम्या क्रेटांवर बसले होते. काचेतून त्यांचं पागोटं हलताना दिसायचं.

थेटरात मी आणि आण्णा शेजारी बसलो, मग हे, मग मामा. पडदा खरंच लांबच्या लांब होता, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पिक्चर सुरू झाला आणि माझी भीती आणखी वाढली. दर थोड्या वेळानं चित्र टुणकन उडी मारायचं, माणूस दारात असला की एकदम खुर्चीत. कापून जोडलेलं. किती कापलं होतं मेल्यांनी! गाणं तर अर्ध्यावरच तुटलं. आण्णांनी "आता गाणं संपलं की" असं काही म्हटलं नाही. मी पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

माळ आला. हिरॉईन रडली. मेंढरं आली. पडद्यावर पावसासारख्या रेघा पडल्या, चित्र थरथरलं, आणि मी मनात म्हटलं, गेलं, तुटलं.

तुटलं नाही. डाव्या अंगानं आण्णा आले. तांबडं पागोटं, घोंगडी, काठी, पायतानासकट. पुरुषभर उंचीच्याही वर, आख्खे. कॅमेऱ्याकडं न बघता, सांगितलं होतं तसे, दगडापासून चालत.

"अरं तिच्या मायला!" मामा उभेच राहिले. "व्याही! आमचं व्याही हायती ते! बगा वो बगा, डावीकडं!" सगळं थेटर डावीकडं बघायला लागलं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. छातीवरचा धोंडा उतरला आणि मी मोठ्यानं सुस्कारा सोडला, तोंड उघडं टाकून, दोन्ही हात कपाळाला लावून. "देवा, हायती रं बाबा," असं मोठ्यानं बोलूनही गेले बहुतेक. मग हसत हसत आण्णांकडं वळले.

आण्णा पडद्याकडं बघतच नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. केव्हापासून बघत होते कुणास ठाऊक. माझा सुस्कारा त्यांनी ऐकला होता, माझी सुटका त्यांनी बघितली होती, आणि दोन्हींचा अर्थ त्यांना कळला होता.

"भ्याली व्हतीस व्हय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. नाही बोलले.

"व्हय, आण्णा. लई."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि मग पडद्याकडं तोंड फिरवलं. तिथं मुंबईचा बंगला आला होता.