सव्वाआठचं शून्य

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मुरलीधर थेटेच्या थोरल्या भावाचा, पुंडलिकरावांचा. "मुरली गेला," एवढंच म्हणाले, आणि मागे कुणीतरी मोठ्यानं रडत असल्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय एकावन्न. दुपारी बाराला अमरधाममध्ये आम्ही चौतीस माणसं होतो. त्यांतले कारखान्यातले चौघं. मी माणसं मोजली, कारण मला मोजायची सवय आहे. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एकवीस वर्षं मी तपासणी विभागात काढली. मशीन शॉपमधली पोरं मला माझ्या मागे 'मिलिलिटर' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. थेट्यानंच ठेवलं होतं.

त्याला जाऊन आज सात आठवडे झाले. त्याच्याविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ निघतील आणि ते सगळं खरंच असेल. मला मात्र त्याच्याविषयी एक नोंद दुरुस्त करायची आहे. मी केलेली, माझ्या सहीची. त्याच्या हयातीत मी ती दुरुस्त केली नाही.

आमची ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. ती पकडायला मी इंदिरानगरहून नाशिकच्या द्वारका चौकात यायचो, तो मखमलाबादकडून सायकलनं. त्याच्या घरी फुलांची शेती, गुलाब आणि झेंडू. शनिवारी तो मशिनवरच्या तसबिरींसाठी झेंडूचा पुडा घेऊन यायचा आणि बसभर त्याचा वास पसरायचा. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आले ते त्याचे हात. टूलरूममधून डिझाइन विभागात वर आलेला माणूस, पण नखं अगदी स्वच्छ. मी विचारलं, "काय हो थेटे, काम करता की नुसते उभे राहता?" तो म्हणाला, "कुलथेसाहेब, आमच्याकडं काळ्या हातानं फुलाला हात लावला तर आई जेवायला वाढत नव्हती. त्यापेक्षा हात धुणं सोपं." पुढे दोन-चार महिन्यांत 'साहेब' गळून पडलं आणि आम्ही अरे-तुरेवर आलो.

त्या घरातूनच त्याचं काम निघालं. पुंडलिकराव पहाटे टेम्पोनं फुलं बाजारात नेत. टेम्पोचं ऑइल आणि फिल्टर ते घरीच बदलत. फिल्टर ज्या धातूच्या डब्यात बसतो, त्याला आमच्याकडे हाउसिंग म्हणतात. त्या वेळचं हाउसिंग इंजिनाच्या कुशीला आडवं असायचं. झाकण अर्धा फेरा फिरवलं की आतलं काळं, गरम ऑइल आधी मनगटावर, मग कोपरापर्यंत, मग जमिनीवर. एकदा पुंडलिकरावांनी फिल्टर बदलला, साबण लावून, राख लावून हात धुतले आणि गुलाबाच्या जुड्या बांधल्या. बाजारात व्यापाऱ्यानं एक जुडी नाकाशी नेली आणि सगळ्या चाळीस जुड्या परत टेम्पोत टाकल्या. "देवाला डिझेल वाहू का म्हणला," पुंडलिकराव मला सांगत होते. "हात धुतला तरी वास जात नाय ना, भाऊ. लय घासला." थेटे शेजारीच उभा होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यानं एका पावतीच्या मागं पहिलं चित्र काढलं: हाउसिंग उभं, झाकण वर, आणि तळाला एक बारीक छिद्र. ऑइल त्या छिद्रातून आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथं, उतरावं, आणि झाकण काढेपर्यंत डबा रिकामा व्हावा.

कंपनीनं नमुना करायला परवानगी दिली. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट आहे. नमुना माझ्याकडे तपासणीला आला. माझा एक नियम होता, मीच केलेला: डिझाइन करणाऱ्यानं तपासणीला उभं राहायचं नाही. माणूस समोर असला की आकडा त्याच्या बाजूला झुकतो, असं माझं मत होतं. अजूनही आहे. थेट्यानं तो नियम मान्य केला आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ लिहून पाठवली: 'इंजिन गरम असताना, बंद केल्यापासून पाच मिनिटांच्या आत उघडून पाहावे.' मी ती ओळ वाचली. पण इंजिन चालवायचा चाचणी-बाक दुसऱ्या पाळीत चालायचा, आणि मी पहिल्या पाळीचा. मला तो मिळायचा सकाळी सव्वाआठला. मी ठरवलं, सकाळीच बघू. झाकण तेच, डबा तोच, काय फरक पडतो?

नऊ दिवस रोज सव्वाआठला मी झाकण उघडलं. खाली ट्रे ठेवलेला, शेजारी मोजपात्र. नऊही दिवस ट्रे कोरडा. मी रकान्यात नऊ शून्यं लिहिली आणि खाली सही केली. डिझाइन मंजूर झालं, थेट्यानं पेढे वाटले. मला दोन दिले, दुसरा हातात ठेवताना म्हणाला, "नऊ शून्यांचा हिशेब केला तर एकही पेढा बसत नाही, पण घे." डिझाइन विभागाचे प्रमुख त्या वर्षी निवृत्त होणार होते. ती जागा आता त्याचीच, असं सगळे धरून चालले होते. तोही धरून चालला होता. घराचं वरचं बांधकाम त्याच भरवशावर काढलं होतं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी तो मला द्वारकेजवळ युसूफभाईंच्या गॅरेजवर घेऊन गेला. नमुन्याचं एक हाउसिंग त्यानं पुंडलिकरावांच्या टेम्पोला बसवलं होतं. टेम्पो नुकताच बाजारातून आला होता, बॉनेटमधून वाफ येत होती. युसूफभाईंनी इंजिन बंद केलं, पाना घेतला आणि लगेच झाकण फिरवलं. ऑइल काठावरून असं वर आलं, की त्यांनी हात झटकून एक शिवी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माफ करा साब. हेच का ते नवीन? जुनं आडवं भाजायचं, हे उभं भाजतं." मी खाली धरलेल्या ट्रेमधलं मोजलं. एकशे दहा मिलिलिटर. मी म्हणालो, "असं कसं? आमच्याकडे नऊ वेळा शून्य आलंय."

"गाडी किती वेळ थांबवली होती?"

"रात्रभर."

युसूफभाई हसले. हात पुसता पुसता म्हणाले, "रातभर गाडी कोण ठेवतो साब? गिऱ्हाईक इथं डोक्यावर उभं असतं. आणि ऑइल तर गरमच काढायचं, पातळ असतं, सगळी घाण घेऊन येतं. तुम्ही थंडं मढं उघडून बघितलं."

तेव्हा मला उलगडा झाला. ते बारीक छिद्र आपलं काम करत होतं, पण फार सावकाश. रात्रभर एकेक थेंब करत डबा रिकामा व्हायचा आणि सकाळी मी रिकामा डबा उघडायचो. छिद्र मोठं केलं तर चालत्या इंजिनाचं ऑइल तिथूनच निसटणार, म्हणजे दुसरा काहीतरी मार्ग काढायला हवा होता. थेट्यानं तिथल्या तिथं खिशातून ड्रॉइंगची घडी काढली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही ओळ वाचली होतीस?" मी म्हणालो, "वाचली होती." तो म्हणाला, "बरं." आणि घडी परत खिशात ठेवली. त्यानंतर त्यानं मला त्या ओळीबद्दल एकदाही विचारलं नाही.

सोमवारी त्यानं स्वतःच स्वतःचं मंजूर झालेलं डिझाइन मागे घ्यायचा अर्ज लिहिला. सोबत माझा दुसरा अहवाल लागणार होता. तो लिहायला मी अकरा दिवस घेतले. तोपर्यंत माझा एकही अहवाल फिरवला गेला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. मी स्वतःला समजावत राहिलो, की माझा आकडा खोटा नव्हता. नऊ वेळा शून्य होतं, मी शून्य लिहिलं. अकराव्या दिवशी मी लिहिलं: 'गरम स्थितीत गळती एकशे दहा मिलिलिटर. डिझाइनमध्ये त्रुटी आढळली.' यातला एकेक शब्द खरा होता. पहिल्या वेळी मी कधी तपासलं आणि त्यानं कधी तपासायला सांगितलं होतं, याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. अहवाल पुढं होता. "थेटे, गरम इंजिनवर काय होईल हे तुम्हाला आधी कळलं नाही? तुम्ही तर गॅरेजची भाषा बोलता." थेट्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी कागदाकडे पाहत होतो. "नाही कळलं साहेब," तो म्हणाला. त्यानं अहवालावर 'वाचले' असं लिहून सही केली... त्या दोन मिनिटांत मी एक वाक्य बोलायला हवं होतं. फार तर दहा शब्दांचं. ते मी बोललो नाही. प्रमुखाच्या जागेवर बाहेरून माणूस आला. थेट्याच्या घराच्या वरच्या मजल्याच्या सळया पुढची सहा वर्षं तशाच उघड्या होत्या.

तो कामाला लागला मात्र दुसऱ्याच दिवशी. झाकणाच्या आत त्यानं एक दांडी बसवली. झाकण फिरवलं की दांडी वर उचलली जाते आणि तळाचं मोठं छिद्र उघडतं. झाकण बंद असलं की तेही बंद. पण ऑइल खाली जायला वीसेक सेकंद लागत होते. मी म्हणालो, झाकणावर ठोकून लिहू, 'दोन फेरे देऊन थांबा'. तो म्हणाला, "कोण थांबतंय? आणि का थांबावं त्यानं? घाई त्याच्या धंद्याची आहे." मग त्यानं झाकणाचे आटे वाढवले. तिनाचे आठ केले. मेकॅनिकला थांबा म्हणायचं नाही. तो आपल्या घाईनंच फिरवत राहील, आणि तेवढ्यात ऑइल निघून जाईल. युसूफभाईंनी पहिल्यांदा उघडलं तेव्हा पाचव्या फेऱ्याला वैतागले. "थेटेसाब, हे झाकण आज निघणार आहे का मी डबा मागवू जेवणाचा?" आठव्याला झाकण सुटलं. फिल्टर निथळलेला वर आला. सवयीनं त्यांचा हात चिंधीकडे गेला होता, तो तसाच हवेत राहिला. ट्रेमध्ये तीन मिलिलिटर. या वेळी तपासणी गॅरेजच्या दारात झाली, गरम इंजिनावर, आणि थेटे माझ्या शेजारी उभा होता. मी माझा नियम मोडला होता.

तेच हाउसिंग पुढं कारखान्यानं वर्षानुवर्षं बनवलं. आमची मैत्री टिकली. दर रविवारी संध्याकाळी मी त्याच्याकडे जायचो, सुनंदावहिनी चहा द्यायच्या, तो फुलांचे भाव सांगायचा, मी त्याला माझ्या कर विवरणपत्रातल्या शंका विचारायचो, ज्या त्याला कळत नसत. तो विषय कधी निघाला नाही. मी धरून चाललो होतो, की तो विसरला असेल. विसरला नसेल, हेही मला माहीत होतं.

गेल्या महिन्यात मी वहिनींकडे गेलो. आधीच ठरवून गेलो होतो. खिडकीत दुसऱ्या नमुन्याचं एक हाउसिंग होतं. वहिनी त्यात सुया, बटणं आणि रबरं ठेवतात. माझ्या शर्टाचं बटण लोंबत होतं, ते बघून त्यांनी सुईसाठी झाकण फिरवायला घेतलं. "आठ वेळा फिरवायचं, दर वेळी. बटण लावायला कमी वेळ लागतो, डबा उघडायला जास्त. ह्यांना म्हणायचे, दुसरा डबा आणा, तर म्हणायचे, तुझी घाई त्यात जिरू दे." त्या हसल्या आणि मग हसू थांबलं. मी तेव्हा सांगून टाकलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली ओळ, सव्वाआठ, अकरा दिवस, साहेबांच्या केबिनमधली ती दोन मिनिटं.

त्या सुईत दोरा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला माहिती आहे, भाऊजी. ड्रॉइंगचा तो कागद घरी आणला होता त्यांनी. मी विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाले, कुलथे बोलेल." दोरा ओवला गेला. "इतकी वर्षं दर रविवारी चहा टाकताना मला वाटायचं, आज बोलाल. शर्ट काढू नका, अंगावरच लावते."

मी म्हणालो, "आता तुम्हाला सांगितलं."

"मला सांगून काय उपयोग? तुमचा तो अहवाल मी थोडाच मंजूर केला होता? ज्यांनी वाचला, त्यांना सांगा."

ज्यांनी वाचला त्यांतले मोठे साहेब आता पुण्याला असतात, बाकीचे बरेचसे नाशकातच आहेत आणि रविवारी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. त्यांच्यासाठी ती नोंद पुन्हा लिहितो. ती अशी वाचावी:

नमुना पहिला. तपासणीची वेळ सकाळी सव्वाआठ, इंजिन रात्रभर बंद. गळती नऊ वेळा शून्य. डिझाइन करणाऱ्यानं गरम इंजिनावर, पाच मिनिटांच्या आत तपासायला लेखी सांगितलं होतं. तसं केलं असतं तर उणीव पहिल्याच दिवशी दिसली असती आणि त्यानं ती मंजुरीच्या आधीच दुरुस्त केली असती. दोष तपासणीचा. डिझाइन करणारा, मुरलीधर थेटे, नियमानुसार गैरहजर. हजर, मी एकटा.