यांनी पाहिलेलं तळं

त्या तळ्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझा त्याच्यावर राग आहे. हिमाचलच्या पार वरच्या टोकाला, जिथून पुढे लडाखचे बोडके डोंगर सुरू होतात, तिथे ते आहे, एवढं पुरे. ज्यांना जायचंय त्यांना नाव सापडतं, आणि जे जाऊन येतात ते आमच्या निम्म्या कर्वेनगरला ते ऐकवतातही.

मी भूगोलाची शिक्षिका. निवृत्त होईपर्यंत नववीला हिमनदी शिकवली, दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकवले, सगळं पुण्यात बसून. हिमनदी डोंगर कोरते, त्या खळग्याला हिमगव्हर म्हणतात, त्यात पाणी साठलं की तळं होतं. आणि हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांच्या ढिगाला म्हणायचं हिमोढ. फळ्यावर ही आकृती मी इतक्या वेळा काढली आहे की झोपेतही निळा खडू कुठे फिरवायचा ते चुकणार नाही. प्रत्यक्षात मात्र मी पाहिलेलं सगळ्यात थंड पाणी म्हणजे शिक्षक-खोलीतला कूलर. दर वर्षी वर्गातलं एखादं कार्टं विचारायचंच, "मॅडम, तुम्ही पाहिलंय का असं तळं?" मी म्हणायचे, "पुस्तकातलं विचार." निवृत्तीनंतर घरात बसल्यावर तो प्रश्न मला टोचायला लागला. एकदा त्या पाण्याच्या काठाशी उभं राहायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आमचे हे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे बोलायला बंदी असावी असं वाटण्याइतके कमी बोलतात. कौतुकाचा शब्द त्यांच्याकडे एकच आहे, "ठीक." श्रीखंड ठीक, नवा फ्लॅट ठीक, मुलगा परदेशातून आला तरी ठीक. मला बघून घरी गेल्यावर त्यांच्या आईने विचारलं, मुलगी कशी वाटली, तेव्हाही "ठीक आहे" म्हणाले होते. हे मला सासूबाईंनीच पुढे कधीतरी हसत सांगितलं. मला हसू आलं नव्हतं.

ट्रेकचं ठरलं तशी मी रोज सकाळी वेताळ टेकडी चढायला लागले. पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी. टेकडीवरची नेहमीची मंडळी म्हणजे पुण्यातली तोंडं. एक आजोबा कानटोपीतून म्हणाले, "वर शिधा पोचवायला कोणी सांगितलंय का बाई तुम्हाला?" दुसऱ्याच दिवशी मी तांदूळ वाढवले. हे माझ्याबरोबर यायचे, पण पायथ्याच्या कट्ट्यापर्यंतच. तिथे पेपर उघडून बसायचे.

"अहो, तुम्हीही येणार आहात ना? मग चढा की जरा."

"तू चढ. मी खालून लक्ष ठेवतो."

ते येणार होते ते हौसेने नव्हे. मला एकटीला पाठवलं तर त्यांची बहीण जन्मभर ऐकवेल म्हणून येणार होते, असं त्यांचं म्हणणं.

दिल्ली झाली, रात्रभराची बस झाली, हाडं मोजून घेणारी जीप झाली, मग चालणं. पहिले काही दिवस मी इतकी खुशीत होते की बरोबरच्या आयटीतल्या मुलामुलींना वाटेत शिकवत सुटले. हा बघा हिमोढ. ही बघा हिमनदीने घासलेली भिंत. एक मुलगी म्हणाली, "काकू, परीक्षा आहे का शेवटी?" आमचे हे मागून गुमान चालत होते. धाप नाही, तक्रार नाही.

शेवटचा तळ एका उघड्या मैदानात होता. समोर हिमोढाची मोठी चढण आणि तिच्यावरून नागमोडी जाणारी पायवाट. ती एका वळणाशी मोठ्या खडकामागे दिसेनाशी होत होती, आणि तिथून पुढे तासाभरावर ते तळं. सकाळी जायचं, बघायचं, दुपारी परत तळावर यायचं. त्या रात्री माझं डोकं दुखायला लागलं. साधं नाही, कपाळात कुणी खलबत्ता घेऊन बसावं तसं. पोटात पाणीही ठरेना. सकाळी ट्रेक लीडर आली. माझ्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान असेल. तिने माझ्या बोटाला तो प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला.

"आंटी, आज आप ऊपर नहीं जाएँगी."

मी तिला समजावलं, मग दटावलं, शेवटी विनवलं. तिने माझा हात हातात धरून ठेवला आणि मान हलवत राहिली. आज इथेच पडून राहायचं, बरं वाटलं नाही तर ताबडतोब खाली, आणि बरं वाटलं तरी उद्या सकाळी खालीच. वय, तयारी, तांदूळ, कशाचाही उपयोग नव्हता. यांच्या बोटावरचा आकडा मात्र अगदी छान. टेकडीचा पायथा न सोडलेल्या माणसाचं रक्त प्राणवायूने भरलेलं, आणि वर्षभर ओझं वाहिलेली मी रिकामी. इतका अन्याय मला आजवर कुणी केला नव्हता, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

"मीही थांबतो," हे म्हणाले.

"अजिबात नाही. तुम्ही जायचं."

"मी काय करू तिथे जाऊन?"

"बघा! माझ्या वतीने बघा. नीट, डोळे उघडे ठेवून. आणि आल्यावर मला सगळं सांगायचं. ठीक आहे म्हणालात तर याद राखा."

"तू इथे एकटी."

"स्वयंपाकी आहे की. जा ना हो. निदान आपल्या घरातल्या एकाने तरी पाहू दे."

ते उभेच राहिले. मग मी रडवेली झाले, तशी त्यांनी काठी उचलली.

तंबूच्या तोंडाशी पडून मी त्या रांगेकडे बघत होते. माणसं लहान होत होत मुंग्यांएवढी झाली आणि खडकामागे गेली. त्यानंतरचे तास कसे गेले ते मलाच माहीत. एकदा उलटीसाठी बाहेर आले. दुसऱ्यांदा नुसतीच बाहेर आले, कारण त्या केशरी कापडाच्या आत जीव घुसमटला. स्वयंपाकघराच्या तंबूत स्टोव्ह भणाणत होता, माणूस दिसत नव्हतं. समोर तो डोंगर, त्याच्या पलीकडे माझं तळं, आणि माझ्यात शंभर पावलं टाकायची ताकद नव्हती. मी डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि त्या डोंगराच्या अंगावर फेकली. ती वाऱ्याने चार हातांवर पडली. ती उचलायला गेले, वाकले, आणि पुन्हा उभं राहता येईना म्हणून तिथेच बसले. मग लहान पोरीसारखी मोठ्याने रडले. आई गं, आई गं करत. साठी उलटलेल्या बाईने असं रडायचं नसतं, पण ऐकायला होतंच कोण? हे मी नंतर कुणालाही सांगितलं नाही. यांनाही नाही.

दुपारी सगळे परत आले. पोरांचे चेहरे असे उजळलेले होते की मी तंबूचं तोंड लावून घेतलं. ग्रुपवर येणारे फोटो बघावे लागू नयेत म्हणून, पुढे फोनला रेंज आल्याबरोबर ग्रुपमधून बाहेर पडले. फोटो मी वर्षानुवर्षं पाहिलेच होते. मला हवं होतं ते फोटोत न येणारं.

"कसं होतं?" मी यांना विचारलं.

"ठीक होतं."

मी त्या आजारपणातही असं काही बघितलं की ते घाईघाईने म्हणाले, "उद्या सांगतो. आठवून सांगतो."

आणि खरोखरच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना खाली धाडलं, तेव्हा जीपमध्ये, मग दिल्लीत, मग घरी आल्यावर रोज थोडं थोडं. मी विचारायची आणि ते, आयुष्यात एका वाक्याच्या वर न गेलेला माणूस, भिंतीकडे बघत सांगायचे. काठाशी एक काळा सपाट दगड आहे, पाट्यासारखा, मधोमध चिरलेला. पाणी त्याच्या खाली शिरतं आणि बाहेर येतं, तेव्हा बशीतून चहाचा फुरका मारल्यासारखा आवाज होतो. दगडावर एक काळा पक्षी पंख पसरून वाळवत बसला होता.

"पाणकावळा? तिथे, त्या उंचीवर?"

"असेल तिकडचा कोणीतरी."

वास कसला येत होता? ओल्या गवताचा. तिथे गवत कुठून, हे भूगोलाच्या शिक्षिकेने विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की तो स्वतःची अक्कल खुंटीला टांगतो. स्वयंपाक करताना, बसमध्ये, स्वारगेटच्या सिग्नलला थांबल्यावर मी त्या दगडावर जाऊन बसायची. पक्षी उडायचा, पाणी फुरके मारायचं. माझ्यासाठी कुणीतरी ते पाहून आलं होतं. तळं मिळालं नव्हतं पण अगदीच हातातून गेलंही नव्हतं, आणि मी त्यावर समाधान मानायला शिकत होते.

गेल्या हिवाळ्यात यांच्या कारखान्यातल्या एका मित्राने पानशेतच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठी बांधलेल्या घरी हुरड्याला बोलावलं. हे आणि हा मित्र तरुणपणापासून सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून तिथे जायचे, मासे धरायला म्हणून, आणि रिकाम्या हाताने परत यायचे. मी मात्र त्या काठावर कधी गेले नव्हते. जेवण झाल्यावर मित्र आडवा झाला आणि मी शतपावलीला म्हणून पाण्याकडे उतरले. हे मागे मागे.

आधी ऐकू आलं. बशीतून कुणीतरी फुरका मारला. मी थांबले. पुन्हा एक फुरका. गवत अजून दवाने ओलं असल्यासारखं वासाला येत होतं. दोन पावलं पुढे गेले तर काठाशी काळा सपाट दगड, मधोमध चिरलेला. पाणकावळा नव्हता, पण दगडावर त्याची पांढरी घाण होती.

मी तिथेच उभी राहिले. मग वाकून दगडाच्या चिरेतून बोट फिरवलं.

"अहो."

"हं."

"तुम्ही वर गेलाच नाहीत ना?"

ते पाठीमागे हात बांधून पाण्याकडे बघत राहिले. "वळणापर्यंत गेलो. लीडरला सांगितलं गुडघा दुखतोय. एक माणूस माझ्याबरोबर थांबवला तिने."

"आणि?"

"आणि बसलो. खडकाआडून तंबू दिसत होता आपला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या लांब आम्ही दोघं गेलो, आणि दोघांपैकी एकानेही ते तळं पाहिलं नाही. माझ्याजवळ जे थोडंफार उरलं होतं ते पानशेतच्या पाण्याचं निघालं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हणाले, खोटारडे म्हणाले, माझं एकच मागणं होतं आणि तेही तुम्हाला जमलं नाही म्हणाले.

"तू खाली तशी पडलेली," ते म्हणाले. "मी कसलं तळं बघू?"

"मग सरळ खाली यायचं होतंत माझ्याजवळ!"

"येणारच होतो. दोनदा उठलो. पण आलो असतो तर तुला कळलं असतं, मीही पाहिलं नाही ते. आधीच इतकी रडत होतीस."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"टोपी फेकलीस," ते म्हणाले. "मग ती आणायला गेलीस आणि तिथेच बसलीस. किती वेळ उठलीच नाहीस. तो बरोबरचा माणूसही घाबरला. मला काही सुचेना."

"हाक तरी मारायची," मी म्हणाले.

"मारली. घसा फुटेपर्यंत मारली. तुला काही ऐकू गेलं नाही. तुझं मात्र सगळं ऐकू येत होतं मला. आई गं म्हणत होतीस ते."

हेही रचलेलं असावं असं मला फार वाटलं. तसं असतं तर पुन्हा भांडता आलं असतं. पण दिवसा वारा दरीतून डोंगरावर चढतो. खालचा आवाज वर नेतो, वरचा खाली येऊ देत नाही. नववीला मीच शिकवायचे.