डब्यातला कढीपत्ता

हातात आलेली कुठलीही वस्तू शेजारच्या मावशी आधी पालथी करायच्या. मग बोटाच्या पेराने तिच्या बुडावर टकटक करायच्या आणि कान द्यायच्या. भोक पाडता येईल की नाही, एवढंच त्यांना बघायचं असे. आमच्या नव्या संसारातला स्टीलचा डबाही त्यांनी असाच वाजवून पाहिला होता.

"मावशी, नवा आहे तो," माझी बायको घाबरून म्हणाली.

"असू द्या न बाई. जुना झाला का मले द्याल."

भिलाईत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, पोलादाच्या प्लांटमध्ये, मी शाळेच्या ग्रंथालयात. त्यांच्या अंगणात फुटक्या बादलीत टोमॅटो, दांडा तुटलेल्या कुकरमध्ये गुलाब, मिक्सरच्या भांड्यात कोरफड आणि जुन्या कूलरच्या टाकीत पालक असे. सगळ्यांना कुणाच्या तरी घरून उरलेला हिरवा रंग फासलेला. खरं सांगायचं तर ते दिसायला काही सुंदर नव्हतं. पण पालक कोवळा निघे, आणि आमच्या ताटात येई.

प्लास्टिकला भोक पाडायला त्या खिळा गॅसवर लाल करत. तो जळका वास आला की स्ट्रीटवरच्या बायका म्हणत, "मावशीकडे आज नवीन पाहुणा." मग बुडाशी फुटक्या कवेलूचे, म्हणजे कौलाचे तुकडे, त्यावर नारळाची शेंडी, त्यावर माती. कुंडी म्हणून विकत घेतलेली एकही वस्तू त्या घरात मी पाहिली नाही.

एकदा सकाळी फर्स्ट शिफ्टच्या वेळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"माहं हेल्मेट कुठी हाय?"

"कोणतं? पिवळं? त्यात पुदिना हाय."

"अवं, ते चालू हेल्मेट होतं!"

"मंग खाली कावून ठेवलं? खाली ठेवलं म्हंजे टाकलंच न!"

काका त्या दिवशी समोरच्यांचं हेल्मेट मागून घेऊन ड्यूटीवर गेले. संध्याकाळी त्याच पुदिन्याची चटणी त्यांनी दोनदा मागून खाल्ली, हेही मावशींनीच आम्हाला सांगितलं.

तुम्हालाही वाटलं असेल, मलाही वाटायचं, की एवढं मोठं अंगण असताना ही बाई एक रोपही जमिनीत का लावत नाही? एकदा विचारलं.

"जमीन कंपनीची हाय, गुरुजी. हे रिटायर झाले का क्वार्टर खाली करा लागते. डबा कसा, उचलला का निंगालो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीत होते. तिथल्या क्वार्टरमागे लहानपणी त्यांनी पेरू लावला होता. वडील रिटायर झाले, घर सुटलं, आणि पुढच्या माणसांनी स्कूटर ठेवायला तो तोडला. नंतर नंदिनी नगरला लग्नाकार्याला गेल्या तरी त्या गल्लीतून त्या जात नसत.

काका रिटायर झाले. वैशाली नगरात घर बांधून झालं होतं, वर गच्ची. सामान न्यायला मेटाडोर आली तेव्हा कपाट आणि गाद्या रस्त्यावरच, आधी डबे चढले. शेवटी राहिला रंगाच्या मोठ्या डब्यातला कढीपत्ता. काकांनी ओढला, मी ओढला, ड्रायव्हरनेही हात लावला. डबा हलेना. मावशी वाकल्या आणि त्यांनी बुडाखाली हात घातला. डब्याच्या भोकातून अंगठ्याएवढं मूळ निघून जमिनीत गेलं होतं.

"कोयत्यानं तोडून टाकतो," काका म्हणाले.

मावशी तिथंच फतकल मारून बसल्या. आता रडतात की काय, असं मला वाटलं. पण त्या हसायला लागल्या.

"पाहा न गुरुजी, आपण एवढे वर्स सांभाळून राहिलो, अन् हे चोट्टं खालून घर करून राहिलं! राहू द्या त्याले."

राहू द्या म्हणाल्या खऱ्या, पण दर आठवड्याला त्या माझ्याकडे येत आणि चहा पिताना भिंतीवरून पलीकडे बघत. क्वार्टरमध्ये एक तरुण जोडपं आलं होतं. एक दिवस त्या मुलीने भिंतीपाशी येऊन विचारलंच, "आंटी, ये पेड़ आपका था ना? काट दें क्या? यहाँ बाइक रखनी थी।"

मावशींनी बशी भिंतीवर ठेवली. नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "काटना है त काटो, बाई. पर पहिले एक बार कढ़ी बनाके देख लो।"

बाइक अजून रस्त्यावरच उभी असते. पावसाळ्यात डबा जोडावर उसवला तेव्हा ती मुलगी मावशींना बोलावून घेऊन गेली. गंजलेला पत्रा मावशींनी स्वतः सोलून काढला आणि उघड्या पडलेल्या मुळांवर कंपनीची माती दोन्ही हातांनी दाबली. "बसलं आता," एवढंच म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. तेरवीला ती मुलगी पिशवीभर कढीपत्ता घेऊन आली आणि तो कढीत पडला. आपण सगळे करतो तसं पंगतीत प्रत्येकाने पान उचलून ताटाच्या कडेला ठेवलं. काकांनी नाही ठेवलं. ते एकेक पान वेचून, सावकाश चावून खात होते.