पाठीला गार लागतंय का, बाबा?

हॅमॉकमध्ये झोपलं की थंडी वरून नाही, खालून लागते. ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली, तीही चेन्नईत राहून, जिथे डिसेंबरातसुद्धा पंखा बंद केला की मानेवरून घाम ओघळतो. जिथे थंडीच नाही तिथे थंडीची तयारी करायची होती, त्यामुळे माझ्या डोक्याचा भुगा होणार हे ठरलेलंच होतं.

हे सगळं बाबांसाठी चाललं होतं. बाबा साताऱ्याचे. पाटबंधारे खात्यातली नोकरी आणि सुट्टी मिळाली की गड, एवढंच त्यांचं आयुष्य. आई गेल्यावर मी त्यांना इकडे शोळिंगनल्लूरला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. त्याआधीच त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. जमिनीवर झोपायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, आणि झोपले असते तरी उठवायला दोन माणसं लागली असती. म्हणजे तंबू बाद. पण एकदा महाबलीपुरमच्या वाटेवर एका रिसॉर्टमध्ये दोन झाडांना बांधलेल्या हॅमॉकमध्ये त्यांना हौसेनं बसवलं, तर दोन तास ढाराढूर! उठले ते हसत. म्हणाले, "असं डोंगरावर एक रात्र झोपायला मिळालं, तर मग काही मागणं नाही बघ."

बाबा कधी काही मागत नाहीत. त्यात लेकीच्या घरी राहतात, म्हणजे तर विचारूच नका. सांबार तिखट झालं तरी छान, पाणी गेलं तरी छान. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिण्याच्या काळात वाढलेला माणूस, तक्रार कसली करणार! म्हणून त्यांनी तोंड उघडून काही मागितलं, तेव्हा मी त्याच संध्याकाळी कोडाईकनालच्या वरच्या अंगाला एक जागा बुक केली. पाइनच्या झाडांना हॅमॉक बांधून राहायची सोय होती. मालकानं फोनवर एकच गोष्ट बजावली. पाठीखाली काहीतरी लावा, नाहीतर गोठाल. पाठ गारठली की बाबांची कंबर धरते, आणि धरली की आठवडाभर सोडत नाही. एवढ्या वर्षांनी मागितलेली एक रात्र पाठीवर बेतली असती.

मग मी वाचायला बसले, आणि तिथेच फसले. आपण स्लीपिंग बॅगमध्ये झोपलो की तिच्यातला कापूस आपल्याच वजनानं दबतो, हवा निघून जाते, आणि खालून वारा थेट पाठीला भिडतो. इथवर पटलं. मग खाली घालायचं काय? एकजण शपथेवर सांगतो, फोमची चटई पुरते. दुसरा म्हणतो, ती झोपेत सटकते आणि पहाटे तुमच्या पायाशी सापडते. तिसरा म्हणतो, अंडरक्विल्टशिवाय पर्याय नाही. अंडरक्विल्ट म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला इलॅस्टिकनं टांगायची रजई. ती घट्ट बांधली तर दबते, सैल सोडली तर वारा शिरतो. मग बांधायची कशी? तर म्हणे 'बरोबर'. कपाळ माझं!

बाबांना हे सांगितलं तर ते चक्रावलेच. "टांगलेलं अंथरूण? अंथरूण अंगाखाली असतं, पोरी. आपली गोधडी काय वाईट आहे?"

"ती दबते, बाबा."

"दबायलाच असते ती."

मी हात टेकले आणि सगळंच आणायचं ठरवलं. गिंडीच्या एका कारखान्यातून फोमचा तुकडा कापून आणला. तिथल्या माणसानं विचारलं, मशिनखाली घालायचाय का? म्हटलं, वडिलांखाली. जॉर्ज टाउनमध्ये पत्र्याच्या छपराखाली लावतात तो चंदेरी बबलवाला कागद मिळाला, तो घेतला. अंडरक्विल्ट ऑनलाइन मागवली. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि यातलं काय चांगलं हे अजून ठरत नव्हतंच.

ते ठरवायला थंडी हवी होती. ती मी बेडरूममध्ये तयार केली. हॅमॉकचं एक टोक खिडकीच्या ग्रिलला बांधलं. दुसऱ्यासाठी भिंतीत जाड हूक ठोकायचा होता, म्हणून खाली राहणाऱ्या घरमालकीण मामींना विचारायला गेले. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या, त्यांची मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे घेते. हूक म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "तूळी बांधणार?" तूळी म्हणजे इकडे साडीची झोळी बांधून त्यात बाळाला जोजवतात, ती. घरात मी एकटी, लग्नाचा पत्ता नाही, सोबत सत्तरी ओलांडलेले बाबा. म्हटलं, "मामी, तूळी बाबांसाठी." मामी माझ्याकडे बघतच राहिल्या, पण हूक ठोकू दिला.

रविवारी दुपारी एसी सोळावर. जमिनीवर टेबल फॅन, त्याच्यासमोर घमेल्यात बर्फ, वारा बरोबर हॅमॉकच्या पोटाला लागेल असा. बाबा स्वेटर, मफलर घालून आत. मी खाली बसून विचारायचं, "पाठीला गार लागतंय का, बाबा?"

फोम घातला. "छान आहे."

चंदेरी कागद घातला. कूस बदलली की वेफर्सच्या पुडीसारखा आवाज. "छान आहे. जरा बोलतो, एवढंच."

गोधडी घातली. ही तरी गारठवणार, अगदी माझी खात्री. "बघ, मी म्हणत नव्हतो? छान आहे."

असं कसं? सगळंच कसं छान? मी स्वतः आत पडून पाहिलं. गोधडीवर दहाव्या मिनिटाला माझी कंबर अशी गारठली की उठून गरम पाण्याची पिशवी धरावी लागली. आणि हे माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, अंगावर मांस नाही, आणि म्हणे छान! पुन्हा वाचलं. वारा चुकतोय का? बर्फ कमी पडतोय का? की माझा कॉटनचा स्वेटर आणि त्यांचा लोकरी, यात एवढा फरक असतो? पुढच्या रविवारी पुन्हा तेच. एवढ्या वेळात त्यांनी एकदाच वेगळं काही सांगितलं, "खांद्याशी जरा वारा येतोय बघ." त्यानं तर मी पारच गोंधळले. सगळीकडे लिहिलेलं की पहिल्यांदा कंबर आणि मांड्या गारठतात, कारण सगळं वजन तिथे असतं. यांचे खांदे गारठतात आणि कंबर मजेत!

मग मी एकच अर्थ काढला, आणि तो अर्थ आमच्या घरात अगदी सहज बसणारा होता. हे लेकीसाठी बोलताहेत. पोरीनं एवढा खटाटोप केलाय, खर्च केलाय, तिचं मन कशाला मोडा. गारठून मरतील पण ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. मला असा राग आला! अहो, मी विचारतेय ते मान ठेवून घ्यायला नाही, उत्तर हवंय म्हणून विचारतेय ना?

तिसऱ्या रविवारी अंडरक्विल्टची पाळी होती. ती टांगली, बाबांना आत बसवलं, पाय वर घ्यायला मदत केली. ते डोळे मिटून पडले. रजई खांद्यांकडे थोडी सरकवावी म्हणून मी पायाकडचं इलॅस्टिक सोडलं. ते हातातून निसटलं, झटक्यात डोक्याकडचंही सुटलं, आणि अख्खी रजई खाली माझ्या मांडीवर येऊन पडली. बर्फाचा वारा आता थेट पातळ कापडावर, बाबांच्या कमरेखाली आपटत होता. थांबा, असं मी म्हणणार, तेवढ्यात वरून आवाज आला.

"हां! हेच घे, पोरी. आता कमरेला मस्त ऊब आली."

मी भडकलेच. "पुरे झालं बाबा तुमचं छान-छान! किती खोटं बोलायचं माणसानं? रजई इथे माझ्या मांडीवर पडलीय!"

बाबांनी डोळे उघडले. मान उचलून हॅमॉकच्या कडेवरून खाली पाहिलं. रजईकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पकडल्या गेलेल्या माणसाचा नव्हता. तो माझ्याइतकाच गोंधळलेला होता.

"पडली कधी?" त्यांनी विचारलं.

मी फॅन बंद केला. एसीपण बंद केला. अंगातला सगळा राग गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं ते मला कळत नव्हतं. मी पुन्हा विचारलं, "बाबा, खालून गार लागत नव्हतं?"

"नाही."

"मागच्या दोन रविवारी?"

"नाही गं. खरंच नाही. गार लागत नाही म्हणजे ऊबच, असं मला वाटलं. तू आणलेलं सगळंच चांगलं असणार."

"कधीपासून असं?"

बाबांनी छताकडे बघत बोटांवर महिने मोजले. "पावसाळ्याआधीपासून असेल. आधी मांडीचा मागचा भाग, मग कंबर. मुंग्या यायच्या, त्याही गेल्या. आणि तुला सांगू, दुखणं पण गेलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी रात्रभर झोपायला लागलो. ते परत मागायला डॉक्टरकडे कोण जाईल?"

"अहो, मला तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू डोंगरावर नेलं असतंस?"

जाणं दहा दिवसांवर आलं होतं. मी म्हणाले, "आधी डॉक्टर. उद्या सकाळीच." ते म्हणाले, "म्हणजे नाहीच." मला रडायला येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी हॅमॉकच्या खालीच बसून राहिले.

तिथूनच मी दोन्ही हात वर केले आणि कापडावरून त्यांच्या कमरेवर ठेवले. कापड बर्फासारखं गार होतं. मी दाबलं. आणखी जोरात दाबलं, इतकं की हॅमॉक जरासा वर उचलला गेला.

"बाबा, नीट सांगा. माझा हात कुठे आहे?"

ते थांबले. अगदी मन लावून शोधत असावेत, कारण त्यांचा श्वासही मला ऐकू येईना.

"ठेवलास का?" ते म्हणाले.